अंगठी खिळ्याला

रात्री साडेनऊला मी अंगठी काढतो,
चार्जरच्या वरच्या खिळ्याला अडकवतो,
मगच हात घालतो खुर्चीच्या पोटात.
शालन म्हणते, जन्मभर सोनं गाळलं तुम्ही,
आता सोन्याचीच भीती?

हो, भीती.
सेलमला सव्वीस वर्षं भट्टीपुढं काढली.
तेजाबाचा तांबूस धूर आधी खिडकी शोधतो,
खिडकी नसली तर छाती.
पाण्यात तेजाब ओतायचं, तेजाबात पाणी कधीच नाही,
हे वस्तादानं पहिल्या दिवशी सांगितलं,
जेवलास का, हे नंतर विचारलं.
त्याच गाळ्याच्या जिन्यावरनं पडलो.
कंबरेखालचा मी तिथंच राहिलो,
उरलेला विट्याला आला.

आणि इथं पुन्हा शिसं, पुन्हा तेजाब.
फक्त आता मी त्यांच्यावर बसतो.

दोन बॅटऱ्या, बारा-बारा व्होल्टच्या, सीलबंद,
एकेक भरल्या घागरीएवढी जड.
एकट्यानं उचलू नका, म्हणाला
मायणी रोडचा मुबारक,
आणि बारा व्होल्ट म्हणून हसू नका, तात्या.
झटका देणार नाही ती.
पण दोन टोकांवर लोखंड आडवं पडलं
तर पाना लाल होतो.
त्याच्या बोटाभोवती एक व्रण आहे, गोल, पांढुरका.
मी विचारलं नाही.
रुंदीवरनं कळलं,
चांदीची असावी, जाड.

पहिले दोन महिने चार्जर देवघरापाशी होता,
तेवढाच जाड पिनचा सॉकेट.
सीलबंद असली तरी भरताना बॅटरी
कधी उसासा टाकते,
आणि तो उसासा पेट घेतो.
मी म्हणालो, निरंजन नको.
ती म्हणाली, देव का म्हणून उठवू?
तीन दिवस भाकरी ताटात आपटत होती.
चौथ्या दिवशी पोपट वायरमन आला,
सोप्यात नवा पॉइंट काढला, खाली अर्थिंग पुरलं,
वर जाळीची खिडकी.
देव जागेवर, खुर्ची सोप्यात,
भाकरी पुन्हा हळू.

मग पौषात एका पहाटे बघतो तर
चार्जरवर गोधडी.
'गारठा लागंल त्याला,' म्हणते.
मी ओरडलो. नंतर वाईट वाटलं.
त्याला ऊब नको, वारा पाहिजे,
हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.
माझ्यावरही तिनं
तशाच गोधड्या टाकल्या आहेत.

गेल्या दिवाळीत एक बॅटरी बसली,
कड फुगली पोळीसारखी.
म्हटलं, एकच बदलू, पैसे वाचतील.
मुबारक नाही म्हणाला.
जुनी नवीला खाते, तात्या, जोडी बदलायची.
शालन गुडघ्याला तेल चोळत होती, न बघता म्हणाली,
'म्हंजे तुमच्यासंगं मलाबी बदलावं लागंल.'
मुबारक हसला. मीही हसलो.
पाना मात्र त्यानं हातातला खाली ठेवला,
हसायच्या आधी.

रात्री पलीकडच्या गल्लीत माग चालतात.
खटखट थांबली की समजायचं, लाईट गेली.
मी पडल्या पडल्या तास मोजतो:
दोन गेले, तर सकाळी बाजारापर्यंत जाऊन येता येईल,
चार गेले, तर फक्त पारापर्यंत.
अर्धवट भरलेली खुर्ची घेऊन
चढावर अडकलोय एकदा, उन्हात,
पोरांनी ढकलत आणलं. ते नको पुन्हा.

आज हिरवा दिवा लागला पाचच्या सुमाराला.
आधी भिंतीचं बटण, मग पिन.
वायर गुंडाळून खुंटीला,
चाकात येणार नाही अशी.
निघालो. एस.टी. स्टँडच्या वळणावर
हात दाखवताना लक्षात आलं,
अंगठी खिळ्यालाच राहिली.

बोटावर गोल पांढुरका पट्टा.
मुबारकच्या दुकानावरनं जाताना
हात वर करून त्याला दाखवला.
त्याला आधी धस्स झालं.
मग त्यानं जवळ येऊन बघितलं,
अंगठ्यानं चोळून बघितलं,
कातडी नुसती उन्हाला मुकलेली.